घरमालक जास्त, म्हणून देश सुखी?

नमस्कार श्रोतेहो.

रुमानियात शंभरातली नव्वदहून अधिक माणसं मालकीच्या घरात राहतात. जर्मनीत हेच प्रमाण निम्म्याच्या आसपास, आणि स्वित्झर्लंडमध्ये त्याहूनही कमी. मग रुमानियातले लोक जास्त सुखवस्तू आहेत का? मुळीच नाही. या आकड्यावरून माणसाची ऐपत कळत नाही. त्या देशानं घर घेणं सोपं केलंय की भाड्यानं राहणं, हे मात्र कळतं.

रुमानियात 1989 मध्ये कम्युनिस्ट राजवट कोसळली. त्यानंतर सरकारी इमारतींमधले फ्लॅट तिथं राहणाऱ्या भाडेकरूंनाच स्वस्तात विकले गेले आणि थोड्याच वर्षांत लाखो भाडेकरू मालक झाले.

जर्मनीची वाट वेगळी. युद्धात शहरं बेचिराख झाली होती, आणि सरकारनं भाड्याची घरं बांधायला भरघोस मदत दिली. भाडेकरूला कायद्याचं पाठबळही भक्कम मिळालं. मुदत नसलेल्या करारात कायद्याला मान्य असलेलं कारण असल्याशिवाय मालक घर खाली करायला सांगू शकत नाही. चालू करारातलं भाडं तीन वर्षांत साधारणपणे 20 टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, टंचाईच्या शहरांत 15 टक्क्यांहून. इतकी शाश्वती असल्यावर घर घ्यायची घाई कोण करेल?

शिवाय खरेदीचा वरखर्च बघा. नॉर्थ राइन-वेस्टफेलिया राज्यात 4,00,000 युरोंचं घर घेतलं, तर साडेसहा टक्के हस्तांतर कर, म्हणजे 26,000 युरो. नोटरी आणि नोंदणीचे सुमारे 8,000. दलाल असेल तर त्याचे साधारण 14,000. झाले 48,000 युरो! बँक सहसा यासाठी कर्ज देत नाही, ते खिशातूनच घालावे लागतात. पाच-सहा वर्षांत घर विकायची वेळ आली, तर हा पैसा बुडाल्यातच जमा. स्वतः राहायच्या घरासाठी काढलेल्या कर्जाच्या व्याजावर करसवलतही नाही.

सिंगापूरनं मुद्दाम उलटं केलं. सरकारी गृहनिर्माण मंडळानं 1964 पासून घरं विकायला काढली, आणि 1968 पासून भविष्य निर्वाह निधीतला पैसा त्यासाठी वापरायची मुभा मिळाली. आज तिथली दहापैकी नऊ कुटुंबं मालकीच्या घरात राहतात. मात्र मंडळाच्या फ्लॅटची ही मालकी 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याची असते. दोन देशांचे टक्के शेजारी मांडताना हा फरक दिसतच नाही.

मोजणीतही मोठी मेख आहे, आणि तिच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. युरोपीय संघाचा आकडा माणसं मोजतो, अमेरिकेचा कुटुंबं. गावाकडे स्वतःचं घर असलेला माणूस शहरात भाड्यानं राहत असेल, तर त्याची गणना भाडेकरूंतच. आणि भाडं परवडेना म्हणून एखादी तरुणी आईवडिलांच्या घरी परत गेली, तर कुटुंबं मोजणाऱ्या यादीतून भाडेकरूंचं एक घर गळतं. एकही घर विकलं गेलेलं नसतं, तरी मालकीचा टक्का वर सरकतो.