नव्या खाऱ्या टाकीत पहिला प्रवाळ कोणता?

श्रोतेहो, नमस्कार.

कोल्हापूरला नाद नवे नाहीत. त्यात आता काही घरांतून समुद्राच्या पाण्याची टाकी दिसायला लागली आहे. मासे सोडून झाले की पुढचा प्रश्न येतो तो कोरलचा, म्हणजे प्रवाळाचा. त्यातही सगळे विचारतात ते एकच, की न मरणारा कोणता? तसा कोणताच नसतो. पण नव्या टाकीच्या चुका पोटात घालणारे काही नक्की असतात, आज त्यांच्याविषयी बोलू.

आधी टाकी. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी धरू. हिशेबाने ती १९० लिटरची होते, पण दगड, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली की खरं पाणी १६० लिटरच्या आसपास राहतं. पाणी भरल्यावर अमोनिया आणि नायट्राइट ही दोन्ही विषारी द्रव्यं शून्यावर यायला चार ते सहा आठवडे जातात. नंतर काचेवर तपकिरी शेवाळ चढतं, मग हिरवं येतं. हे सगळं ओसरू द्या. दुसरा महिना संपून तिसरा लागला की पहिला प्रवाळ आणायला हरकत नाही. नायट्राइट शून्य झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी खरेदीला पळणाऱ्यांचे प्रवाळ सर्वांत जास्त मरतात. टाकी तेव्हा विषारी नसते, पण स्थिरही नसते.

पाण्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. नळाचं पाणी नको, कारण त्यात क्लोरीन असतं आणि शेवाळाचं खाद्यही. मग लोक स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी वापरतात, आणि फसगत तिथेच होते. बऱ्याच घरगुती आरओ यंत्रांत चवीसाठी क्षार परत मिसळलेले असतात. विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर बुडवला तर आकडा ५० ते १०० दाखवतो. आपल्याला तो पाचच्या आत हवा, जमलं तर शून्य. आणि ज्या यंत्रावर ‘कॉपर’ असं अभिमानाने छापलेलं असतं, त्याचं पाणी टाकीत अजिबात घालू नका. तांबं आपल्याला चालतं, पण प्रवाळ, कोळंबी आणि गोगलगायींना ते अगदी थोडंसुद्धा मारक ठरतं. माशांच्या आजारावरची तांब्याची औषधंही याच कारणाने या टाकीत नकोत. शेवटच्या टप्प्यात उरलेसुरले क्षार शोषणारं डीआय रेझिनचं नळकांडं असलेलं साधं आरओ यंत्र वेगळं घेतलेलं बरं. मीठ सागरी टाकीसाठी बनवलेलंच लागतं, घरातलं मीठ चालत नाही. १६० लिटरला ते साधारण सहा किलो लागेल. क्षारता, म्हणजे मिठाचं प्रमाण, हजारी ३५, तापमान २५ ते २६ अंश. क्षारता रिफ्रॅक्टोमीटरने मोजा, आणि तो ३५ च्या प्रमाणित द्रावणावर जुळवून घ्या.

आता कायद्याचं. कोल्हापूरहून घाट उतरला की मालवण. तिथून एखादा जिवंत दगड, एखादं पोवळं बाटलीत घालून आणावं असं कुणाच्या मनात आलं असेल, तर ते तिथेच सोडा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, आणि २००१ पासून त्याच्या पहिल्या अनुसूचीत खडक बांधणारे सगळे दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखे आहेत. म्हणजे वाघाच्या रांगेत. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्यही आहे. शिवाय दगडी प्रवाळांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या कराराची कागदपत्रं लागतात. विक्रेत्याकडे ती नसतील तर अ‍ॅक्रोपोरा, युफिलिया, मॉन्टिपोरा ही दगडी प्रवाळांची नावं यादीतून काढून टाका. नवख्याचं यात फारसं नुकसान नाही. अ‍ॅक्रोपोराला लागणारी कॅल्शियम आणि क्षारीयतेची (अल्कलिनिटीची) रोजची नेमकी मात्रा त्याला पहिल्या वर्षी जमत नाहीच. दगडी सांगाडा नसलेले मऊ प्रवाळ घ्या, टाकीत वाढवलेले घ्या आणि पक्कं बिल घ्या.

पहिला मान मशरूमचा. डिस्कोसोमा किंवा रोडॅक्टिस. शास्त्राच्या दृष्टीने हे खऱ्या प्रवाळाचे चुलते, पण बाजारात ते कोरलच. त्यांना प्रकाश कमी लागतो, प्रवाहही कमी, म्हणून जागा तळाजवळ, दगडाच्या सावलीच्या बाजूला. सुटा मशरूम डिंकाने चिकटत नाही, अंगावरच्या चिकट स्रावामुळे निसटतो. एका वाटीत दगडाचे बारीक तुकडे घ्या, वर मशरूम ठेवा, वाटीच्या तोंडाला जाळी बांधा आणि ती टाकीत मंद प्रवाहात ठेवून द्या. आठवडा-दीड आठवड्यात तो एखाद्या तुकड्याला आपोआप धरतो. मग तो तुकडा उचलून हवा तिथे चिकटवा, जेलच्या रूपातल्या सुपरग्लूने. फक्त ‘एलिफंट इअर’ या नावाने मिळणारा मोठा मशरूम टाळा, तो छोटे मासे मिटून गिळतो.

दुसरा लेदर, सारकोफायटन. देठावर छत्री असा आकार. मध्यम प्रकाश, मध्यम प्रवाह. याची एक सवय माहीत नसेल तर जीव टांगणीला लागतो. मधूनच हा छत्री मिटतो, अंगावर मेणासारखा चकचकीत थर येतो आणि चार दिवस, कधी दोन आठवडे, उघडत नाही. मेला नाही, कात टाकतोय. अशा वेळी त्याची जागा बदलू नका, औषध घालू नका, वेव्हमेकर, म्हणजे प्रवाह तयार करणारा पंप, किंचित त्याच्याकडे वळवा म्हणजे थर वाहून जाईल. काळजी करायची ती देठ काळा पडून पिलपिलीत झाला आणि वास आला तर. मग धारदार ब्लेडने चांगल्या भागापर्यंत कापायचं. लेदर पाण्यात शेजाऱ्यांना त्रासदायक रसायनंही सोडतो, म्हणून फिल्टरमध्ये अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन ठेवा आणि तीन-चार आठवड्यांनी बदला.

ग्रीन स्टार पॉलिप, झेनिया, केनिया ट्री हे तिन्ही मऊ प्रवाळही जगतात, आणि तीच अडचण आहे. ग्रीन स्टारची जांभळी चादर हरळीसारखी पसरते, दगड झाकते, काचेवर चढते. मुख्य दगडाला लावली की काढणं जवळपास अशक्य. वाळूत एकटा दगड ठेवून त्यावर लावा, चारी बाजूंनी वीतभर मोकळी जागा ठेवा. झेनिया तर पहिल्या सहा महिन्यांत आणूच नये, असं आमचं स्पष्ट मत.

झोआंथिड, म्हणजे बटणांसारखे झुपक्याने वाढणारे जीव, रंगांमुळे सगळ्यांना हवे असतात आणि ते सोपेही आहेत. पण त्यांच्यात, विशेषतः पॅलिथोआ जातींत, पॅलिटॉक्सिन नावाचं जबर विष असू शकतं. हवाईतल्या अशाच एका जातीतून ते १९७१ साली वेगळं काढलं गेलं. हातमोजे आणि चष्मा घालूनच हाताळा. हाताला जखम असेल तर टाकीत हातच घालू नका. झोआंथिड असलेला दगड उकळत्या पाण्यात टाकणं, ब्रशने खसाखसा घासणं, यंत्राने कापणं, हे घरात कधीही नाही. वाफेतून आणि तुषारांतून ते विष श्वासात जातं आणि घरातल्या सगळ्यांना इस्पितळ गाठावं लागू शकतं.

माल बहुधा मुंबई-पुण्याहून रात्रीच्या बसने थर्माकोलच्या पेटीत येतो. मे महिन्यात मागवू नका, डिकीतच तो शिजतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पिशवी टाकीत २० मिनिटं तरंगत ठेवा, मग अर्ध्या तासात थोडं थोडं टाकीचं पाणी मिसळा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही. नंतर वेगळ्या भांड्यात टाकीचंच पाणी घेऊन प्रवाळ त्यात बुडवा, किडे काढणारं कोरल डिपचं औषध बाटलीवरच्या प्रमाणात, पाच-दहा मिनिटं. अंगावरचे किडे गळून पडतात, अंडी मात्र शाबूत राहतात, म्हणून सहा-सात दिवसांनी पुन्हा एकदा. ज्या चकतीवर प्रवाळ येतो ती शक्य असेल तर तोडून फेका. एप्टेशिया नावाचं उपद्रवी अ‍ॅनिमोन तिथूनच घरात येतं.

दिवा पहिल्या दिवशी ३० ते ४० टक्क्यांवर, रोज आठ तास, आणि तीन-चार आठवड्यांत हळूहळू वाढवा. झोआंथिडने मान लांब केली तर प्रकाश कमी पडतोय. मशरूम आक्रसून फिकट झाला तर जास्त होतोय. पण फिकेपणाचं दुसरंही कारण असतं, पाणी फाजील स्वच्छ असणं. नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आणण्याची हौस नवख्यांना फार. मऊ प्रवाळ त्यावर उपाशी राहतात. नायट्रेट लिटरला ५ ते १५ मिलिग्रॅम असू द्या, फॉस्फेट ०.०३ ते ०.१. कॅल्शियमच्या बाटल्या मात्र घेऊ नका. दर पंधरवड्याला १६ लिटर पाणी बदललं की मऊ प्रवाळांना तेवढं पुरतं.

राहिला उन्हाळा. बाहेर ३८ अंश असताना बंद खोलीतली टाकी ३१ वर सहज जाते, आणि ३० च्या वर दिवस काढावे लागले की प्रवाळ अंगातलं सूक्ष्म शैवाल बाहेर टाकून पांढरा पडतो. पाण्यावर झोत टाकणारे दोन छोटे पंखे दोन-तीन अंश उतरवतात. तेवढ्याने भागलं नाही तर खोलीत एसी किंवा टाकीला चिलर हवा. पंख्याने दिवसाला दोन लिटर पाणी उडतं, मीठ मात्र मागेच राहतं. चार दिवस दुर्लक्ष झालं तर क्षारता ३५ वरून जवळपास ३७ वर जाते. म्हणून रोज भर घालायची ती बिनमिठाच्या आरओ पाण्याची. जुलैत हवा दमट झाली की पंख्याचा उपयोग फारसा होत नाही, पण तेव्हा गरजही नसते.

पावसाळ्यात वीज जाते, आणि २०१९ किंवा २०२१ सारखा महापूर आला तर दिवसच्या दिवस येत नाही. अशा वेळी इन्व्हर्टरवर दिवा नको, एक वेव्हमेकर किंवा हवेचा पंप चालवा. प्रवाळ दोन-तीन दिवस अंधारात काढतो, प्राणवायू मात्र काही तासांत संपायला लागतो. जूनच्या आधीच बॅटरीवरचा एक पंप, ४० लिटर आरओ पाणी आणि दोन किलो मीठ घरात असू द्या. आणि प्रवाळ आणायला लागल्यावर पहिल्या महिन्यात फक्त दोन मशरूम आणि एक लेदर, बाकीचे नंतर, हे तिन्ही नीट उघडल्यावर.