रुळाच्या पोटातली चीर

(दृश्य : प्रतापनगर स्टेशन, डभोईकडे जाणारी ब्रॉडगेज.)

आम्हा बडोदेकरांना रेल्वेचं वेड जुनं. खंडेराव महाराजांच्या काळात, १८६२ साली, डभोई ते मियागाम रूळ पडले आणि त्यावरून डबे ओढायला बैल जुंपले. ते रूळ मीटरमागे जेमतेम ६.५ किलोचे. आज रूळ असतो मीटरमागे ६० किलोचा. एवढ्या जाड पोलादाच्या पोटात चीर पडली, तर बाहेरून ती कळायची कशी?

आवाजानं.

हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. जाड पोलादात ५,९०० मीटर. हा फरक कानांनीही ऐकता येतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये ज्याँ-बातिस्त बियो यांनी ९५१ मीटर लांबीच्या ओतीव लोखंडी नळावर ठोका देऊन पाहिला. दुसऱ्या टोकाला तो दोनदा ऐकू आला : आधी लोखंडातून, मग सुमारे अडीच सेकंदांनी नळातल्या हवेतून.

धातू जड, म्हणून आवाज वेगात जातो असं पुष्कळांना वाटतं. खरं तर जडपणा आवाजाला मागे ओढतो. पुढे नेतो तो ताठरपणा. मला यात शिशाचं उदाहरण फार आवडतं. शिसं पोलादाहून जड, पण इतकं मऊ की नखानं ओरखडा उठतो. त्यात वेग २,२०० मीटरच्या आसपास. ॲल्युमिनियमचा ताठरपणा पोलादाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा, पण वजनही तेवढंच कमी, म्हणून वेग जवळपास बरोबरीचा.

(दृश्य : रुळावरून ढकलत नेलेली तपासणीची ट्रॉली.)

ट्रॉलीखाली प्रोब असतो, म्हणजे आवाज सोडणारा आणि परत आलेला प्रतिध्वनी टिपणारा तुकडा. त्याच्याखाली पाणी सतत सोडलेलं असतं. मध्ये हवेचा केसभर थर राहिला, तरी आवाज तिथूनच परत फिरेल. सेकंदाला लाखो कंपनांचा, कानाला न ऐकू येणारा आवाज वरून आत जातो. रुळाची उंची १७२ मिलिमीटर; तळाला आपटून परत यायला त्याला ५८ मायक्रोसेकंद (सेकंदाचे दशलक्षांश भाग) लागतात. प्रतिध्वनी ३० मायक्रोसेकंदांतच आला, तर समजायचं : वरून साधारण ८८ मिलिमीटरवर पोलाद तुटलेलं आहे.

रुळाच्या माथ्यात उभी वाढणारी चीर मात्र सरळ खाली जाणाऱ्या आवाजाला चकवते. तिच्यासाठी उभ्या रेषेपासून ७० अंश तिरका आवाज सोडणारे प्रोब असतात, एक पुढे तोंड करून, एक मागे.