गोगलगायी आधी का मेल्या? भुसावळमधील एका समुद्री टाकीची तपासणी

मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो आणि हवा इतकी कोरडी असते की दोरीवरचे कपडे पाहता पाहता वाळतात. अशा हवेत समुद्री मासे पाळणाऱ्यांपुढे जे प्रश्न उभे राहतात, ते मुंबईच्या दमट हवेत सहसा पडत नाहीत. पडद्यावर दिसणारी २०० लिटरची टाकी भुसावळमधील एका घरातली आहे. तीत क्लाऊनफिशची जोडी, एक निळा डॅमसेल मासा, दोन सफाई कोळंब्या आणि शेवाळ खाणाऱ्या काही गोगलगायी होत्या. टाकी उत्तम चालली होती. यंदाच्या उन्हाळ्यात मात्र आधी गोगलगायी काचेवरून गळून पडल्या, पाठोपाठ कोळंब्या मेल्या, आणि मासे नेहमीसारखे खात-पोहत राहिले.

मरणाचा हा क्रम नीट पाहिला पाहिजे, कारण निम्मे उत्तर त्यातच असते. पहाटे सगळेच मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकत असते, तर ऑक्सिजन कमी पडल्याचा संशय आला असता. २५ अंश तापमानाला समुद्राच्या पाण्यात लिटरमागे पावणेसात मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो आणि ३२ अंशांना तो सहाच्या घरात येतो. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके असते, तर परजीवीचा विचार करावा लागला असता. येथे मासे ठणठणीत होते आणि कणा नसलेले जीव मरत होते. अशा वेळी घाबरून दुकानातून औषधाची बाटली आणणे आणि ती टाकीत ओतणे हा सर्वांत घातक उपाय ठरतो, कारण माशांच्या परजीवींवरील अनेक औषधांत तांबे असते, आणि माशाला बरे करणारी तांब्याची मात्रा गोगलगाय व कोळंबी यांचा जीव घेते.

म्हणून पहिले काम मोजण्याचे होते. अमोनिया किंचित आढळला, पण खडकामागे सडत पडलेली एक गोगलगाय सापडल्यावर त्याचा उलगडा झाला. समुद्री टाकीत थोडाही अमोनिया दुर्लक्षून चालत नाही. पाण्याचा सामू (पीएच) ७ वरून ८ वर गेला की त्यातील विषारी अंश सुमारे दहापट होतो, आणि समुद्री टाकीचा सामू ८.२ च्या जवळपासच ठेवावा लागतो. पाण्याचे विशिष्ट गुरुत्व, म्हणजे मीठ वाढले की वाढणारा आकडा, मात्र १.०२५ ऐवजी १.०२९ भरले. घरच्यांनी टाकी थंड राहावी म्हणून पाण्यावर पंखा लावला होता. खान्देशच्या कोरड्या उन्हाळ्यात हा उपाय खरोखर चांगला चालतो, पण तो पाणी उडवूनच थंडावा देतो. दररोज जवळपास पाच लिटर पाणी उडून जात होते, मीठ मात्र टाकीतच राहत होते. त्यात घटलेले पाणी भरताना अधूनमधून मिठाचे पाणी घातले गेले होते. उडालेल्या पाण्याची भरपाई नेहमी गोड्या पाण्यानेच करायची असते.

तपास येथेच थांबवणे सोपे होते, पण ते चूक ठरले असते. तांबड्या समुद्राची क्षारता हजारी ४० च्या आसपास आहे आणि तेथे गोगलगायी सुखाने नांदतात. हळूहळू हजारी ३९ पर्यंत (विशिष्ट गुरुत्व १.०२९ म्हणजे जवळपास एवढीच) चढलेल्या क्षारतेने त्यांना त्रास होईल, परंतु कणा नसलेल्या सगळ्याच जिवांचा असा फडशा पडणे तेवढ्याने पटत नाही. मग भरपाईच्या गोड्या पाण्याकडे लक्ष गेले. ते स्वयंपाकघरातल्या आरओ यंत्राचे होते, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर बसवलेल्या नव्या यंत्रात पिण्याच्या पाण्यात तांबे सोडणारे कार्ट्रिज होते. माणसाला त्याचा अपाय नाही. टाकीत मात्र रोजचे पाच लिटर म्हणजे महिन्याला १५० लिटर पाणी जात होते. ते पाणी उडून जाई आणि त्यातले तांबे मागे उरे. हिवाळ्यात कदाचित हे तांबे लक्षात येण्याइतके साठलेच नसते. पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणाऱ्या टीडीएस मीटरवर ते दिसत नाही, कारण लिटरमागे मिलिग्रॅमच्या काही दशांश भागांनीही घात होतो आणि मीटरचा आकडा तेवढ्याने हलत नाही. तांब्याच्या स्वतंत्र चाचणीत रंग उमटला, तेव्हा कारण हाती आले.

उपाय संथच करावा लागतो. भरपाईसाठी आरओनंतर डीआय रेझिनमधून (उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांमधून) गाळलेले, शून्य टीडीएसचे पाणी सुरू झाले. त्याच पाण्यात समुद्री मीठ कालवून थोडे थोडे पाणी बदलत क्षारता काही दिवसांत खाली आणली गेली, आणि तांबे शोषणारे रेझिन गाळणीत बसवले गेले. खडक आणि वाळू तांबे धरून ठेवतात व पुढे पाण्यात सोडत राहतात, त्यामुळे चाचणी एकदा शून्य आली म्हणून लगेच कोळंबी आणणे धोक्याचे असते. अनेक आठवडे चाचणी स्वच्छ येत राहिल्यावर आधी एकच गोगलगाय सोडून पाहावी.

नवे जीव मुंबईहून रेल्वेने येतात आणि रात्रभर बंद पिशवीत राहतात. पिशवीत कार्बन डायऑक्साइडमुळे सामू उतरलेला असतो. पिशवी उघडताच तो चढतो आणि साठलेला अमोनिया विषारी होतो. म्हणून पिशवीइतक्याच क्षारतेचे आणि तापमानाचे पाणी वेगळ्या भांड्यात आधीच तयार ठेवावे आणि पिशवी उघडल्याबरोबर जीव त्यात हलवावा.

जूनमध्ये हवा दमट झाली की पंख्याचा थंडावा ओसरतो आणि पाणी उडण्याचे प्रमाणही घटते. त्यामुळे उन्हाळ्याच्या अंदाजाने रोज पाच लिटर ओतत न राहता, काचेवर पाण्याच्या पातळीची खूण करून जेवढे घटेल तेवढेच भरावे आणि आठवड्यातून एकदा रिफ्रॅक्टोमीटरने क्षारता तपासावी.