झाकणाचे चार स्क्रू

मंडळी, टेबलावर रोबोटांच्या लढतीत उतरणारा रोबोट ठेवलेला असल्यामुळे सगळ्यांचं लक्ष त्याच्या पात्याकडे आहे. साहजिक आहे. पात्याबद्दलही बोलू, पण मला आज जास्त बोलायचं आहे ते वरच्या झाकणाबद्दल. झाकण किती स्क्रूंवर बसलं आहे, ते सगळे एकाच मापाचे आहेत का, आणि ते काढल्यावर बॅटरीपर्यंत हात पोहोचतो का?

सामना चालतो दोन किंवा तीन मिनिटं. पुढचा पुकारा होईपर्यंत कधी अर्धा तास मिळतो, कधी तेवढाही नाही. त्यात बॅटरी बदलायची, वाकलेलं सरळ करायचं, तुटलेलं जोडायचं आणि सगळं पुन्हा बंद करायचं. स्पर्धेतून बाहेर पडणाऱ्या कितीतरी रोबोटांना कुणी धड हरवलेलंच नसतं, ते वेळेत उभे राहिलेले नसतात. म्हणून रोबोट कागदावर काढतानाच तो उघडायचा कसा हे ठरलं पाहिजे. हत्याराचं चित्र त्यानंतर.

हा खेळ नावारूपाला आला तो मार्क थॉर्प या माणसामुळे. रिमोटवर चालणारा व्हॅक्यूम क्लीनर बनवण्याच्या खटपटीतून त्याच्या डोक्यात ही कल्पना आली आणि 1994 साली सॅन फ्रान्सिस्कोत पहिली ‘रोबोट वॉर्स’ स्पर्धा झाली. 1998 मध्ये बीबीसीने ती टीव्हीवर आणली, 2000 मध्ये अमेरिकेत टीव्हीवर ‘बॅटलबॉट्स’ हा तसाच कार्यक्रम दिसू लागला. तिथली यंत्रं 250 पौंडांची, म्हणजे साधारण 113 किलोंची. ती घरात बनवायच्या फंदात पडू नका. ती उचलायलाच चार माणसं लागतात, आणि चाचणी कुठे घ्यायची हा प्रश्न उरतोच. घरच्या टेबलासाठी वजनी गट आहेत ते 150 ग्रॅमचे, एक पौंडाचे म्हणजे 454 ग्रॅमचे, आणि तीन पौंडांचे म्हणजे 1.36 किलोंचे.

लहान म्हणजे खेळणं, असा समज असेल तर एक हिशेब करू. तीन पौंडांच्या रोबोटवर 300 ग्रॅमची, 20 सेंटिमीटर लांबीची पोलादी पट्टी पातं म्हणून मधोमध अडकवली आणि ती मिनिटाला 10,000 फेऱ्यांनी फिरवली, तर तिच्यात साधारण 550 जूल ऊर्जा साठते. एक किलोचं वजन 56 मीटर उंचीवरून खाली सोडलं तर जमिनीवर जेवढं आदळेल, तेवढी. पट्टीच्या टोकाचा वेग ताशी 375 किलोमीटरच्या पुढे जातो. फेऱ्या दुप्पट केल्या की ऊर्जा चौपट होते, म्हणून नवखा माणूस फेऱ्यांच्याच मागे लागतो.

तिथे एक गंमत आहे. वेग फार झाला की पातं समोरच्याला पकडतच नाही, नुसतं घासून जातं. समजा तुमचा रोबोट सेकंदाला 3 मीटर वेगाने पुढे धावतोय आणि पट्टीला दोन्ही टोकांना दात आहेत. 10,000 फेऱ्यांवर एक दात जाऊन दुसरा येईपर्यंत प्रतिस्पर्धी फक्त 9 मिलिमीटर आत शिरतो. फेऱ्या निम्म्या केल्या तर 18 मिलिमीटर. किंवा फेऱ्या तेवढ्याच ठेवून एकच दात ठेवला, तरी 18. म्हणून एकाच दाताची पाती बनवतात, दुसऱ्या बाजूला नुसतं वजन ठेवून तोल साधतात. तोल नीट साधला नाही तर मात्र रोबोट जागच्या जागी थरथरतो आणि एकेक स्क्रू आपणहून बाहेर यायला लागतो. उभं फिरणारं पातं असेल तर आणखी एक त्रास: जोरात वळलात की एका बाजूचं चाक जमीन सोडतं. फिरत्या भोवऱ्याचा हट्ट असतो तसा, पात्याला आपली दिशा बदलायची नसते. चाकं दूर-दूर ठेवा, आणि हळू वळायचा सराव करा.

पातं मोटरच्या दांड्यावर थेट बसवू नका. बाहेरून फिरणाऱ्या लहान ब्रशलेस मोटरचा दांडा जेमतेम तीन-चार मिलिमीटरचा असतो, पहिल्याच टोल्यात तो वाकतो किंवा आतली चुंबकं सुटतात. पात्याला स्वतःचा जाड, न फिरणारा दांडा द्या, तो दोन्ही टोकांना धरलेला असू द्या, पातं त्यावर बेअरिंगवर फिरू द्या आणि मोटर बाजूला ठेवून बेल्टने जोडा. टोला बसला की बेल्ट घसरतो आणि मोटर वाचते. घसरणारा बेल्ट पाहून पुष्कळांचा जीव वरखाली होतो. होऊ द्या, तो त्यासाठीच आहे.

साहित्याबद्दल थोडक्यात. पात्याला घासरोधक कठीण पोलाद किंवा टूल स्टील, सांगाड्याला 7075 जातीचं अॅल्युमिनियम, आणि भिंतींना जाड एचडीपीई किंवा त्याहून चिवट यूएचएमडब्ल्यू प्लास्टिक. प्लास्टिकच्या भिंती दिसायला गरीब, पण त्या मार खाऊन पुन्हा जाग्यावर येतात. अॅल्युमिनियम एकदा वाकलं की वाकलं, आणि त्यातले आटे गेले की स्क्रू नुसता गरगर फिरतो. कठीण पोलादाला ग्राइंडर लावताना घाई करू नका. कड निळी पडली की तिथला कठीणपणा गेला, दाखवायला धार राहते पण टिकत नाही. कार्बन फायबर कापायचं असेल तर तोंडावर मास्क हवाच. ती धूळ फुप्फुसाला वाईट, शिवाय तिच्यातून वीज वाहते, म्हणजे सर्किटवर बसली की वेगळाच गोंधळ.

स्क्रू सैल होऊ नयेत म्हणून आट्यांना थ्रेडलॉकर नावाचा गोंद लावतात. धातूत धातू असेल तिथे निळा लावा. लाल काढायला सहसा आच द्यावी लागते, आणि दोन सामन्यांच्या मध्ये आच देत बसायला वेळ कुणाला आहे? पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकच्या झाकणाजवळ मात्र थ्रेडलॉकर आणूच नका. त्याने त्या प्लास्टिकला बारीक भेगा पडतात आणि भक्कम म्हणून बसवलेलं झाकण स्क्रूच्या भोकापासून तडकतं.

आता वायरी. रोबोट ‘आपोआप बंद पडला’ असं कुणी म्हणालं की मी आधी वायरी बघतो. सोल्डर वितळला की तो वायरीच्या तारांमध्ये आत शोषला जातो. तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो, पुढची वायर मऊच राहते, आणि हादरे बसून ती बरोबर त्या सीमेवर तुटते. वरच्या आवरणामुळे बाहेरून काही दिसत नाही. उपाय साधा आहे: सोल्डरच्या पुढेपर्यंत श्रिंक स्लीव्ह, म्हणजे आच दिली की आवळून बसणारी नळी, चढवा आणि वायर जवळच कुठेतरी बांधून टाका, म्हणजे हादरा जोडावर येणार नाही. रिमोटचा सिग्नल घेणाऱ्या रिसीव्हरमधल्या पिनांवर चिकटपट्टी किंवा गरम गोंदाचा एक थेंब. वायर चाकाजवळून किंवा बेल्टजवळून जात असेल तर ती आज ना उद्या कापली जाणार, यावर वाद घालू नका, वाट बदला.

बॅटरी लिथियम पॉलिमरची. एक सेल पूर्ण भरला की 4.2 व्होल्ट, आणि 3 व्होल्टच्या खाली गेला की खराब होतो. तीन सेलची बॅटरी म्हणजे भरलेली असताना 12.6 व्होल्ट. घरी ठेवायची तर सेलमागे 3.8 व्होल्टवर. स्पर्धेहून दमून आल्यावर भरलेल्या बॅटऱ्या तशाच पिशवीत ठेवून देणारे खूप आहेत, महिन्याभराने त्या फुगलेल्या निघतात. फुगलेली, दबलेली किंवा टोचली गेलेली बॅटरी पुन्हा चार्जरला लावायची नाही. मार लागल्यावर ती लगेच पेटेल असंही नाही, थोड्या वेळानेही पेटते, म्हणून ती खोलीबाहेर, उघड्यावर, वाळूच्या बादलीत ठेवून लक्ष ठेवायचं. चार्जिंग चालू ठेवून झोपायचं नाही. आणि रोबोटच्या आत बॅटरीभोवती फोम असू द्या. झाकणाचा स्क्रू चार मिलिमीटर जास्त लांब पडला आणि त्याचं टोक बॅटरीला टेकलं, तर प्रतिस्पर्ध्याची गरजच नाही. झाकणाचे स्क्रू एकाच मापाचे ठेवा म्हणतो ते यासाठीही. घाईत लांब स्क्रू चुकीच्या भोकात जातोच.

नियमांतल्या काही गोष्टी घरातही तितक्याच पाळायच्या. वीज तोडणारी बाहेरून काढता येणारी लिंक, चालू असल्याचा दिवा, आणि पातं अडवणारा लॉक. हातात घेताना लॉक आत असलाच पाहिजे. चालू करताना आधी रिमोट, मग लिंक, लॉक सगळ्यात शेवटी काढायचा. बंद करताना आधी लॉक, मग लिंक. रिमोटचा सिग्नल तुटला की पातं थांबतं का, हे दर वेळी तपासायचं: रोबोट बंद पेटीत ठेवून, पातं फिरवून, मुद्दाम रिमोट बंद करून. जाड पॉलिकार्बोनेटची पेटी नसेल तर घरी पातं फिरवायचंच नाही, 150 ग्रॅमचा रोबोट असला तरी. चाकं चालवून बघा, तेवढं पुरे.

मघाशी एका मुलीने विचारलं, सुरुवात कशाने करू? पात्याशिवाय. पुढे उतरती, जमिनीला घासणारी फळी, रोबोट उलटा पडला तरी चालतील अशी मोठी चाकं, आणि वाचलेलं सगळं वजन भिंतींत. हा रोबोट पुष्कळ सामने हरेल, पण शेवटपर्यंत चालत राहील, आणि चालवणाऱ्याला ड्रायव्हिंग येईल. पात्याचे रोबोट भिंतीवर आदळून स्वतःच उलटे पडतात, तेव्हा असा ढकलणारा रोबोट जिंकतोही.

आता याची लिंक बाहेर काढतो, लॉक आधीपासून आतच आहे. झाकणाला चार स्क्रू, सगळे एम3, म्हणजे तीन मिलिमीटर जाडीचे, आणि दहा मिलिमीटर लांबीचे. कुणाला उघडून बघायचं असेल तर पुढे या, ही अॅलन की घ्या. फक्त पात्याच्या रेषेत उभं राहू नका.