गच्चीवरची अंथरुणं

नमस्कार श्रोतेहो. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली की खान्देशातल्या घराघरांत माहेरवाशिणी येतात, निंबाला झोके टांगले जातात. रात्री उकाड्यामुळे गच्चीवर दहा-पंधरा अंथरुणं एका ओळीत पडतात. आपलं लेकरू त्या ओळीत कोणाशेजारी झोपलंय, हे आपण कधी बघतो का?

'अनोळखी माणसाकडून खाऊ घेऊ नको,' असं आपण मुलांना बजावतो. पण केंद्र सरकारने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत लैंगिक अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे लोक मुलांच्या ओळखीतले, विश्वासातले निघाले. आणि अत्याचार सोसलेल्या मुलांमध्ये मुलगे निम्म्याहून जास्त होते. 'पोरगा आहे, त्याला काय होतंय' हे म्हणणं आता सोडा.

रोज दारू आणि मारहाण असलेल्या घरात धोका वाढतो. आईला आणखी त्रास नको म्हणून लेकरू गप्प बसतं. आईबाप ऊसतोडीला गेले आणि मुलं नातेवाइकांकडे राहिली, तर विचारपूस करणारं जवळ कोणी उरत नाही. पण म्हणून हा गरिबाघरचाच प्रश्न समजू नका, बंगल्यातही हेच घडतं. आणि दोष परिस्थितीचा नसतो, तो करणाऱ्याचाच.

मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती आपल्या 'संस्कारां'ची. लेकरू अंग चोरतं, तरी आपण म्हणतो, 'जा, मामांच्या मांडीवर बस, ते काय परके आहेत?' म्हणजे नको म्हणायचा हक्क आपणच काढून घेतो. अत्याचार करणारा माणूस आधी घरच्यांचा विश्वास कमावतो. अडीअडचणीला धावतो, पोराला मोबाईल देतो, मग हळूच म्हणतो, 'कोनले सांगू नको.' या गुपितापासून पुढचं सगळं सुरू होतं.

एखाद्याचं नाव काढताच मूल दचकत असेल, त्याच्या घरी जायला रडत असेल, तर रागावू नका. सांगू लागलं तर आधी विश्वास ठेवा. 'तू तिथं गेलीसच कशाला?' हा प्रश्न तोंडातून निघाला की ते पुन्हा बोलत नाही.

अब्रूची काळजी वाटते, हे मी समजू शकते. पण २०१२ च्या पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्यानुसार नातेवाइकाने केलेला अत्याचार अधिक गंभीर धरला जातो. माहीत असून न कळवणं हाही गुन्हा आहे. जबाब मुलाच्या घरीही घेता येतो. तो घेणारे पोलीस गणवेशात नसतात, आणि मुलाचं नाव कुठेही छापता येत नाही.

मदतीसाठी १०९८ हा मोफत क्रमांक आहे, रात्रंदिवस चालू. मुलं स्वतःही लावू शकतात. आज त्यांच्याकडून तो पाठ करून घ्या, पाढ्यांसोबत.