वहीच्या पानावरची अ‍ॅम्बेसेडर

(धुळ्यात कलाशिक्षक आणि चित्रकलेच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

स्टेशनरीच्या दुकानात हल्ली 'व्हिंटेज' नावानं छापील कागदांचे गठ्ठे मिळतात. तपकिरी पार्श्वभूमी, कोपऱ्यात आयफेल टॉवर, दोन-चार फ्रेंच टपाल शिक्के आणि मधोमध मागून पंख फुटलेली लांबलचक अमेरिकन गाडी. पोरं ते आणतात, कापतात, आर्ट जर्नलमध्ये, म्हणजे चित्रं, कात्रणं आणि नोंदी एकत्र मांडायच्या वहीत, चिकटवतात. मग वर्गात दहा वह्या शेजारी ठेवल्या, तर दहाही एकाच हातानं केल्यासारख्या दिसतात. कागद वाईट नसतो हो. पण त्या गाडीचं आणि चिकटवणाऱ्याचं काही नातंच नसतं.

त्या पंखांनाही त्यांच्या गावी अर्थ होता. १९४८ च्या कॅडिलॅकवर ते पहिल्यांदा आले, लॉकहीडच्या पी-३८ या लढाऊ विमानाच्या शेपटीवरून. युद्ध जिंकून आलेल्या देशाची ती हौस होती, आणि १९५९ पर्यंत ती इतकी वाढली की गाडीपेक्षा पंखच आधी दिसायला लागले. डेट्रॉइटच्या माणसानं ते काढावेत, जरूर काढावेत. आपल्याला साक्रीच्या किंवा पारोळ्याच्या रस्त्यावरची गाडी काढायची असेल, तर तिथं काय धावत होतं ते आधी बघू.

स्वातंत्र्याच्या आधी मोटार ही मोजक्या घरांची चीज होती. जनरल मोटर्सनं १९२८ मध्ये मुंबईत गाड्या जोडायचा कारखाना काढला, तो १९५४ पर्यंत चालला. जुन्या फोटोंत दिसणाऱ्या शेवरोले अशाच तिथे जोडलेल्या असू शकतात. मग १९५७ मध्ये अ‍ॅम्बेसेडर आली. मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, तिसरी मालिका. बनायची बंगालमध्ये उत्तरपाड्याला. २०१४ पर्यंत जवळपास त्याच चेहऱ्यानं बनत राहिली. दुसरी फियाट. मुंबईत कुर्ल्याला बनायची. १९६४ मध्ये 'डिलाइट' म्हणून आलेली तीच पुढे १९७४ पासून 'पद्मिनी' झाली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतून ती उतरली ती थेट ऑक्टोबर २०२३ मध्ये. आणि तिसरी जीप, तिच्याबद्दल या जिल्ह्यात मी वेगळं काय सांगणार!

यातली 'व्हिंटेज' कुठली, असा प्रश्न हमखास येतो. इंग्रज हौशी लोकांच्या हिशेबात व्हिंटेज म्हणजे १९१९ ते १९३० मधली गाडी. आपल्या सरकारनं २०२१ मध्ये नियम केला, त्यात पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली आणि फारसे फेरफार न केलेली गाडी व्हिंटेज. म्हणजे पहिल्या पहिल्या पद्मिनी आता त्या वयात आल्या. पानासाठी हा वाद घालत बसू नका.

माझं म्हणणं इतकंच आहे की रंगाचा डबा उघडण्याआधी तीन गोष्टी ठरवा: कुठली गाडी, कुठला रस्ता, कुठलं साल. कागद जुना दिसावा म्हणून पाडायचे तपकिरी डाग त्यानंतर. डाग आधी पाडले की पान नुसतं मळलेलं दिसतं.

आता गाडी काढू. एका गॅरेजच्या मागे लिंबाखाली उभ्या असलेल्या अ‍ॅम्बेसेडरसमोर मी स्केचला बसायचो. तिथला मिस्त्री म्हणायचा, "सर, आते हाई गाडी नुसती देखाले शे." म्हणजे आता ती नुसती बघायला उरलीय. आपलं कामच देखायचं असल्यामुळे मला ती बरी पडायची. जुनी गाडी काढताना विद्यार्थी चाक लहान करतात, कारण डोळ्यांत आजच्या गाड्यांचं प्रमाण बसलेलं असतं. आज पत्रा जाड दिसतो आणि चाक त्यात लपतं. तेव्हा मडगार्ड वेगळं उठून दिसायचं. म्हणून चाक हेच माप धरा. अ‍ॅम्बेसेडरचा टायर ५.९० बाय १५ चा, म्हणजे बाहेरून साधारण २७ इंच. दोन चाकांच्या मध्यांतलं अंतर ९७ इंच, म्हणजे चाकाच्या साडेतीन पटींहून थोडं जास्त. उंची अडीच पटीला जराशी कमी. ही दोन मापं पेन्सिलीनं टिपून घेतली की टप, बॉनेट आणि डिकी आपोआप जागेवर येतात. गाडी तिरकी असेल तर चाक लंबगोल होईल, आणि पुढचं-मागचं चाक सारखंच लंबगोल होणार नाही, हे तुम्ही इंटरमीजिएट चित्रकला परीक्षेच्या पोरांना शिकवताच.

खरी मजा क्रोमची. बंपर काढताना मुलं करड्या रंगाची बाटली उचलतात. क्रोमला स्वतःचा रंग नसतो, समोर जे आहे ते तो दाखवतो. बंपरच्या वरच्या भागात आकाश, खालच्या भागात जमीन, आणि दोन्हींच्या मध्ये एक बारीक, जवळजवळ काळी रेघ: क्षितिजाची. ही रेघ कडक हवी. ती पुसट केलीत की धातूचं अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं होतं. वर फिकट निळा, मध्ये रेघ, खाली जमिनीचा रंग, आणि पांढऱ्याचा एकच ठिपका. आता इंग्रजी व्हिडिओ बघून शिकलेला मुलगा खाली पिवळसर वाळू घालतो, कारण त्या चित्रकाराच्या समोर वाळवंटातला रस्ता होता. आपल्याकडे बंपरखाली काळी कपाशीची जमीन आहे. कच्च्या अंबरमध्ये (रॉ अंबर, हा मातकट तपकिरी रंग) थोडा निळा घाला. एवढ्या एका पट्ट्यानं गाडी कॅलिफोर्नियातून उचलून चोपड्याला येते.

गाडीच्या आतही डोकवा. पुढची सीट अखंड, बाकासारखी, कारण गिअरचा दांडा खाली नसून स्टिअरिंगला होता. त्यामुळे पुढे तिघं बसत, आणि लग्नाला निघालं की चौघं. काचेतून तीन-चार डोकी दिसली पाहिजेत. रिकामी गाडी शोरूमची वाटते.

आता कागदाचं. चहात कागद बुडवून जुना करणं सगळ्यांना माहीत आहे, आणि नुसता चहा मला जरा गुळमुळीत वाटतो. त्याच्यापुढची गंमत गॅरेजमध्ये आहे. गंजलेले नट, वॉशर, तुटकी स्प्रिंग मागून आणा. कुणी नाही म्हणत नाही. कार्ट्रिज कागद, म्हणजे चित्रकलेचा जाडसर कागद, कडक चहात भिजवायचा, त्यावर हे लोखंड मांडायचं, वर थोडं व्हिनेगर शिंपडायचं, कागदाची घडी घालून प्लास्टिकमध्ये गुंडाळायचा आणि रात्रभर वजनाखाली ठेवायचा. सकाळी उघडला की वॉशरच्या जागी करडं-काळं कडं, मध्ये पोकळ, कडेला नारिंगी गंज. चहातलं टॅनिन (तुरट द्रव्य) आणि गंजातलं लोखंड एकत्र आलं की काळा रंग तयार होतो. जुन्या पोथ्यांसाठी आणि दस्तांसाठी लोक हिरड्याची आणि लोखंडाची शाई करायचे, तिचंही कारण हेच. हिरड्यात टॅनिन चहापेक्षा कितीतरी जास्त. हिरड्याची पूड पाण्यात उकळून वापरलीत तर काळा असा उतरतो की ब्रशनं तसा रंगवता येणार नाही. मात्र लोखंड आणि आम्ल कागद हळूहळू खात राहतं. म्हणून हे थेट वहीच्या पानावर करू नका. सुट्या कागदावर करा, धुवा, वाळवा, लागतो तेवढा तुकडा फाडून चिकटवा.

वर्तमानपत्राचंही तसंच. त्या कागदात लाकडातलं लिग्निन नावाचं द्रव्य असतं, उन्हा-हवेनं ते पिवळं पडतं आणि पडतच राहतं. आज छान दिसणारं कात्रण पाच वर्षांनी शेजारचं पानही डागाळतं. चांगल्या कागदावर झेरॉक्स काढा.

आणि हे मी जरा आवाज चढवून सांगतो: घरातला मूळ कागद कापायचा नाही. आजोबांचा रोजमेळ, खतावणी, गाडीचं जुनं पुस्तक, लग्नातला फोटो, काहीही. झेरॉक्स दोन रुपयाला मिळते.

झेरॉक्सची शाई ही शाई नसते, प्लास्टिकची बारीक पूड उष्णतेनं कागदावर वितळवलेली असते. त्याचाच फायदा घ्या. पानावर अ‍ॅक्रिलिक मीडियम (अ‍ॅक्रिलिक रंगात मिसळायचं, वाळल्यावर पारदर्शक होणारं द्रव) लावा, झेरॉक्स पालथी चिकटवा, पूर्ण वाळू द्या, मग ओल्या बोटानं मागचा कागद चोळून काढा. चित्र मीडियममध्ये अडकून राहतं, कागद निघून जातो. फेविकॉलनं होतं, पण पाणी लागलं की तो पुन्हा मऊ होतो आणि बोटाबरोबर गाडीचं अर्धं बॉनेट निघतं. इंकजेटच्या प्रिंटचा तर नाद सोडा, ती पसरते. पालथं चिकटवल्यामुळे चित्र उलटतं, हे विसरू नका. नंबर उलटा वाचला जातो हे दिसतं तरी. ड्रायव्हर डावीकडे गेला हे कुणाच्या लक्षात येत नाही, आणि आपली अ‍ॅम्बेसेडर बसल्या जागी अमेरिकन होते. झेरॉक्सवाल्याला आधीच उलटी करून द्यायला सांगा.

साल पाळण्याबद्दल. एका पानावर मी १९६२ असं लिहिलेलं पाहिलं आणि गाडीचा नंबर एमएच १९. ही पद्धत १९८९ पासूनची. त्याआधी महाराष्ट्रात एम-नं सुरू होणारी तीन अक्षरं आणि पुढे आकडे असायचे. पेट्रोल पंपाची पावती चिकटवायची असेल तर १९५५ च्या पानावर भारत पेट्रोलियम चालणार नाही, तिथं बर्मा-शेल हवं. भारत पेट्रोलियम हे नाव सत्तरच्या दशकातलं. पावतीवर नये पैसे असतील तर साल १ एप्रिल १९५७ नंतरचं, त्याआधी आणे. पत्त्यात पिनकोड असेल तर १९७२ नंतरचं. आणि पत्त्यात 'जिल्हा पूर्व खानदेश' किंवा 'पश्चिम खानदेश' असं छापलेलं सापडलं, तर तो कागद सोन्याचा समजा. १९०६ मध्ये खानदेशचे हे दोन जिल्हे झाले आणि महाराष्ट्र झाल्यावर त्यांची नावं जळगाव आणि धुळे झाली. ते शब्द पानावर आले की वेगळं 'व्हिंटेज' लिहायला नको. कपाशीच्या गाठींवरचे छाप, जिनिंगच्या पावत्या, अमळनेरच्या वनस्पती तुपाचा डबा (विप्रोची सुरुवात १९४५ मध्ये तिथल्याच वनस्पती तुपापासून झाली), हे सगळं आपलं साहित्य आहे.

कुणी म्हणेल, आमच्या घरी गाडीच नव्हती, फोटो कुठून आणू? त्यांनी चाळीसगावला जावं. रेल्वे स्टेशनजवळ छायाचित्रकार कलामहर्षी केकी मूस यांचं घर आहे, आता संग्रहालय. १९१२ ते १९८९ असं आयुष्य, त्यातली कित्येक वर्षं घराबाहेर न पडता काढलेली. साध्या वस्तू टेबलावर मांडून, त्यांवर प्रकाश पाडून त्यांनी अख्खी निसर्गदृश्यं उभी केली आणि त्यांचे फोटो काढले. टेबल-टॉप फोटोग्राफी. तुम्हीही खेळण्यातली धातूची गाडी घ्या, ताटात शेतातली चाळलेली काळी माती पसरा, कॅमेरा मातीला टेकवून खाली धरा आणि एकाच बाजूनं दिवा द्या. चाकामागे चिमूटभर पीठ उडवलंत की धूळ. तो फोटो काळा-पांढरा करून झेरॉक्स काढा.

एक चिठ्ठी आली आहे: 'उन्हाळ्यात वहीची पानं एकमेकांना चिकटतात, काय करावं?' अगदी आपल्याकडचा प्रश्न. अ‍ॅक्रिलिकचा थर उष्णतेनं मऊ पडतो, आणि भुसावळ-जळगावला पारा पंचेचाळिशीला गेला की बंद वहीत दोन थर एक होतात. पान चार-पाच दिवस उघडं वाळू द्या. दोन पानांमध्ये बटर पेपर ठेवा. वही आडवी, वजनाखाली ठेवू नका. उभी ठेवा, आणि पत्र्याच्या खोलीत तर नकोच. तरी चिकटली, तर ओढू नका. प्लास्टिकच्या पिशवीत घालून अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा, थर कडक होतो, मग कोपऱ्यातून पातळ पट्टी घालून सोडवा.

चला, मागच्या टेबलांवर चहा, वॉशर आणि कागद ठेवले आहेत. हात खराब होतील, बाह्या वर करा.