पट्टी वाचता येते, मग रॉयल्टीचा हिशोब का नाही?

नमस्कार मंडळी. गणपती दोन-तीन महिन्यांवर आले की एकच प्रश्न वेगवेगळ्या गावांतून यायला लागतो. "म्युझिक कंपनी गाण्याचे वीस हजार देते म्हणते, देऊन टाकू का?" कुडाळ-कणकवलीकडचे डबलबारीचे, म्हणजे भजनाच्या सामन्याचे, बुवा विचारतात, गुहागर-संगमेश्वरकडचे शक्ती-तुऱ्याचे शाहीर विचारतात, नमनवाले विचारतात. वीस हजार कमी की जास्त हे आपण नंतर बघू. आधी त्या वीस हजारांत ते काय काय घेऊन जाणार आहेत, ते बघू.

तुमची हापूसची चाळीस कलमं आहेत आणि या वर्षी तुम्ही ती व्यापाऱ्याला कराराने दिली. फवारणी त्याची, राखण त्याची, काढणी त्याची, पेट्या तो भरणार, फळ त्याचं. जूनमध्ये पाऊस लागला की झाडं मात्र तुमचीच. एका हंगामाच्या पैशांत कोकणातला कोणताही माणूस झाडं लिहून देत नाही. गाण्याच्या बाबतीत तोच माणूस सही करून झाड देऊन मोकळा होतो, आणि आपण ते दिलं हे त्याला कळतही नाही.

कळत नाही, कारण एका गाण्यात दोन मालमत्ता असतात. शब्द आणि चाल ही एक. ती गीतकाराची आणि संगीतकाराची. स्टुडिओत झालेलं ध्वनिमुद्रण ही दुसरी. कायद्याने ते निर्मात्याचं, म्हणजे ज्याने ते करून घेतलं त्याचं. शब्द-चाल म्हणजे झाड, ध्वनिमुद्रण म्हणजे त्या हंगामाचं फळ. कंपनीने स्टुडिओचे पैसे भरले तर ध्वनिमुद्रण कंपनीचं, यात भांडण नाहीच. पण पुढच्या वर्षी तेच गाणं दुसऱ्या गायकाने नव्याने गायलं, कुणी सिनेमात घेतलं, एखाद्या मोठ्या कार्यक्रमात वाजलं, तर त्या प्रत्येक वेळी झाडाला नवं फळ लागतं. त्यात गीतकार-संगीतकाराचा वाटा आहे. त्यालाच रॉयल्टी म्हणतात.

(कागद कॅमेऱ्याजवळ धरतो.)

हा कराराचा नमुना. बहुतेक करारांत अशाच मजकुराचं वाक्य असतं. सावकाश वाचतो. "सदर गीताचे शब्द, चाल, ध्वनिमुद्रण व चित्रीकरण यांचे सर्व हक्क, आज अस्तित्वात असलेल्या व पुढे येणाऱ्या सर्व माध्यमांकरिता, संपूर्ण जगाकरिता व कायमस्वरूपी, एकरकमी मोबदल्यात देत आहे." झाड, फळ, जमीन, विहीर, सगळं एका वाक्यात गेलं.

यातल्या दोन शब्दांवर बोट ठेवा. "जगाकरिता" आणि "कायमस्वरूपी". आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याचं कलम १९ सांगतं की हक्क द्यायचे तर ते लेखी आणि देणाऱ्याच्या सहीनेच देता येतात. त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरतात. म्हणजे कागद गप्प असेल तर कायदा तुमच्या बाजूने बोलतो. म्हणून तर हे दोन शब्द मुद्दाम घातलेले असतात. ते खोडा, मुदत ३ किंवा ५ वर्षं लिहा, खोडलेल्या जागी दोघांच्या सह्या घ्या आणि एक प्रत घरी आणा. प्रत आणायचीच. "करार कंपनीकडेच आहे, आमच्याकडे नाही" असं लिहिणारे दर आठवड्याला भेटतात. सही तुमची आहे, तर कागदही तुमच्याकडे हवा.

"शब्द" आणि "चाल" हे दोन शब्दही खोडायला सांगा. कंपनी म्हणेल, मग आम्ही गाणं लावायचं कसं? त्यावर साधं उत्तर द्या. या एका ध्वनिमुद्रणासाठी शब्द आणि चाल वापरायची परवानगी देतो, मालकी देत नाही. परवानगी म्हणजे बाग कराराने देणं आणि मालकी म्हणजे खरेदीखत. गाणं लिहिणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हा हक्क जिवंत राहतो. तुम्ही आज चाळिशीचे असाल तर तो तुमच्या नातवंडांपर्यंत जाईल. वीस हजारांना त्या सगळ्या वर्षांनी भागून बघा.

आता एका ताईंची कमेंट. "सगळं लिहून दिलंय, आता संपलं का?" संपलेलं नाही, ताई. २१ जून २०१२ पासून कायद्यात दुरुस्ती लागू झाली. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत तिच्यासाठी किल्ला लढवला होता. त्या दुरुस्तीने कलम १८ मध्ये अशी तरतूद आली की ध्वनिमुद्रणात वापरलेल्या शब्दांची आणि चालीची रॉयल्टी कंपनीबरोबर समसमान वाटून घेण्याचा हक्क गीतकार-संगीतकाराला सोडून देताच येत नाही. तो फक्त वारसांकडे किंवा कॉपीराइट सोसायटीकडे, म्हणजे कलाकारांच्या वतीने रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेकडे, जाऊ शकतो. एकरकमी घेऊन सही केली असली तरी तो निम्मा वाटा उभा राहतो. नव्वदच्या दशकातल्या कॅसेटींचे करार या दुरुस्तीच्या आधीचे आहेत, ते कॉपीराइटचं काम करणाऱ्या वकिलाला दाखवा. त्यांचं उत्तर कॅमेऱ्यासमोर सरसकट देणं चूक ठरेल.

गायकांचा प्रश्न याहून जुना आहे. मंगेशीच्या मंगेशकर घराण्यातल्या लताबाईंनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला गायकांना रॉयल्टी हवी असा आग्रह धरला. मोहम्मद रफींचं मत पडलं की मानधन घेतलं, तिथे हक्क संपला. त्यावरून दोघांनी काही वर्षं एकत्र गाणं थांबवलं होतं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर सादरीकरणाचा व्यापारी वापर झाला तर गायक-वादकालाही रॉयल्टीचा हक्क कायद्यात आहे. कागदावर आकडा नसेल तर तो वसूल करणं जड जातं, म्हणून गायकांनी आपला टक्का करारात लिहूनच घ्यावा.

"कायदा मुंबईत, आम्ही देवगडात, भांडायला कोण जाणार?" हीसुद्धा कमेंटच, आणि मला ती पूर्ण पटते. म्हणून भांडायची वेळ येऊ न देणारा मार्ग सांगतो. गीतकार-संगीतकारांसाठी आयपीआरएस ही १९६९ पासूनची सोसायटी आहे. गायक-वादकांसाठी इसाम्रा आहे, पूर्वी तिचं नाव इस्रा होतं. सभासद झालात की सोसायटीने गोळा केलेल्या रॉयल्टीतला तुमचा वाटा कंपनीच्या वहीतून न जाता थेट तुमच्या खात्यात येतो. पॅन, पत्त्याचा पुरावा, रद्द केलेला चेक, एवढी तयारी ठेवा. सभासद होऊन मात्र थांबू नका. इथेच बहुतेकांचं अडतं. प्रत्येक गाणं स्वतंत्र नोंदवायचं असतं. गाण्याचं नाव, गीतकार, संगीतकार, कुणाचा किती टक्का. नोंद नसेल तर गाणं वाजतं, पैसे गोळा होतात, पण ते कुणाचे हे कळत नाही.

आणि नाव! गाण्याखाली नाव लिहिताना एकदा "बुवा" लावता, एकदा गावाचं नाव जोडता, एकदा नुसतं आडनाव. पॅनवर चौथंच. कॉम्प्युटरला ही चार माणसं दिसतात. एक नाव ठरवा, एकच स्पेलिंग ठेवा, आणि गाणं चढवणाऱ्याला ते व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा. फोनवर सांगू नका. ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी नावाचा १२ अक्षर-अंकांचा नंबर मिळतो, तोही मागून घ्या. उद्या पैसे शोधायची वेळ आली तर गाण्याच्या नावापेक्षा हा नंबर जास्त उपयोगी पडतो, कारण "गणपती आले" नावाची गाणी ढिगाने आहेत.

आता ज्याच्यासाठी हा व्हिडिओ केला, तिथे येऊ. हिशोब.

वाशीच्या बाजारातून आंब्याची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, आली की आपण पहिल्यांदा काय बघतो? पेट्या किती, भाव काय लागला, मग हमाली, तोलाई, गाडीभाडं, आणि आधी घेतलेली उचल. एकेक वजाबाकी बोटाने तपासतो. पन्नास रुपये जास्त कापले तरी फोन जातो. रॉयल्टीचं स्टेटमेंट हीसुद्धा पट्टीच आहे. भाषा तेवढी इंग्रजी आहे. आणि कंपनीने गाण्यापोटी आधी दिलेले पैसे म्हणजे उचल. ती बक्षीस नसते, पुढच्या पैशांतून कापली जाते.

फळ्यावर बघा. आकडे समजण्यापुरते घेतलेत. कंपनीने २०,००० उचल दिली. व्हिडिओला ६०,००० खर्च केले. वर्षभरात गाण्यावर १,००,००० आले. करारात लिहिलंय, "कलाकाराला ५० टक्के". तुमच्या हातात किती येतील?

पहिला प्रकार. खर्च कंपनीने सोसला. एक लाखाचे निम्मे ५०,०००, त्यातून उचल २०,००० वजा. हातात ३०,०००.

दुसरा प्रकार. आधी एकूण पैशांतून खर्च वजा केला. उरले ४०,०००. निम्मे २०,०००, त्यातून उचल २०,०००. हातात शून्य.

तिसरा प्रकार. आधी वाटणी, तुमचे ५०,०००. मग सगळा खर्च फक्त तुमच्या वाट्यातून वजा. पन्नासातून साठ गेले, वर वीस उचल. तुम्ही ३०,००० नी कंपनीचे देणेकरी. कंपनीला तिचे पन्नास मिळाले, शिवाय खर्चातले आणि उचलीतले मिळून आणखी पन्नास वळते झाले.

तिन्ही करारांत "५० टक्के" हेच शब्द आहेत. ५० टक्के ऐकून सही करू नका. विचारायचं ते हे, की खर्च कुणाच्या वाट्यातून वजा होणार आणि वाटणीच्या आधी की नंतर. उत्तर तोंडी मिळालं तर ते लिहून घ्या. खर्चाला कमाल मर्यादा घाला, "व्हिडिओचा खर्च अमुक रुपयांपेक्षा जास्त धरता येणार नाही, आणि बिलं दाखवावी लागतील". उणे बाकी पुढच्या गाण्यावर ओढायची नाही, हेही लिहा. नाहीतर गणपतीच्या गाण्याचं देणं शिमग्याच्या गाण्यातून कापलं जातं, आणि त्यातून मोकळे होता होता वर्षं जातात. शेवटी एक ओळ. दर सहा महिन्यांनी हिशोब मिळेल आणि तो तपासायचा अधिकार कलाकाराला राहील.

मधल्या एका तक्रारीला उत्तर द्यायलाच हवं, कारण त्यात लोकांचं मन दुखावतं. "आमच्या गावच्या पालखीचं पारंपरिक गाणं आम्ही गायलो, आणि यूट्यूबवर भलत्याच कंपनीचा क्लेम आला." पिढ्यानपिढ्या चालत आलेल्या चालीवर कुणाचीही मालकी नाही. त्यांनी केलेलं ध्वनिमुद्रण त्यांचं, तुम्ही केलेलं तुमचं. यूट्यूबच्या मशीनला दोन सारख्या चाली ऐकू आल्या की ती क्लेम, म्हणजे मालकीचा दावा, टाकते. घाबरून व्हिडिओ काढू नका. क्लेम आल्यापासून ५ दिवसांच्या आत आक्षेप नोंदवलात तर पहिल्या दिवसापासूनचे पैसे निकाल लागेपर्यंत बाजूला ठेवले जातात. समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस असतात. आक्षेपात लिहा की गाणं पारंपरिक आहे, गायन-वादन आमचं आहे, तयार ट्रॅक वापरलेला नाही. ही तिसरी गोष्ट खरी असेल तरच लिहा. नेटवरून उतरवलेला ट्रॅक खाली वाजत असेल तर क्लेम बरोबर आहे.

करांचं भरभर सांगतो. रॉयल्टीवर टीडीएस १० टक्के कापतात, पॅन दिला नसेल तर २० टक्के. उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आत असेल तर विवरणपत्र भरून तो परत मिळतो, बरेच जण भरतच नाहीत. स्वतःचं चॅनल असेल तर यूट्यूबचा अमेरिकन टॅक्स फॉर्म भरा. भरलात तर फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या कमाईवर १५ टक्के कापले जातात. न भरल्यास जगभरच्या कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतात.

शेवटचा प्रश्न एका पखवाजवाल्याचा. "पैसे बुवांच्या खात्यात येतात, आम्हाला सुपारी मिळते, रॉयल्टी नाही. मागितली तर वाईट दिसेल का?" अजिबात दिसणार नाही. पण मागायची ती रेकॉर्डिंगच्या आधी, पैसे आल्यावर नाही. स्टुडिओत जायच्या दिवशी वहीचं एक पान काढा. वर गाण्याचं नाव आणि तारीख. खाली शब्द कुणाचे, चाल कुणाची, गायक, पखवाज, पेटी, चकवा, कोरस, आणि प्रत्येकापुढे टक्का. बेरीज १०० आली पाहिजे. सगळ्यांच्या सह्या, मोबाइलमध्ये फोटो, ग्रुपवर टाका. बुवांनाही याचा फायदा आहे. सगळे पैसे त्यांच्या एकट्याच्या पॅनवर आले तर ते सगळं त्यांचंच उत्पन्न दिसतं. पानावर टक्के असले आणि वाटणी बँकेतून झाली की कुणाचं किती हे त्यांना दाखवता येतं.

असं पान तुमच्या मंडळाने केलंत, आणि एखाद्या वाद्याला किती टक्का द्यावा यावर अडलात, तर नावं झाकून फोटो पाठवा. पुढच्या व्हिडिओत तीच पानं घेऊन बसू.